कुरकुरणारा खुबा

बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडले की चाक करकरू लागते, आणि आस झिजतो आहे हे गाडीवान ओळखतो. माणसाच्या निरोगी खुब्याचे तसे नाही. जन्मभर चालला तरी तो सहसा चकार शब्द काढत नाही. पण हा सांधा माणसाने स्वतः घडवायला घेतला, आणि तो बोलू लागला. त्या आवाजाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर आणि मध्ये बुळबुळीत द्रव. हे अस्तर झिजले की पाऊल टाकणे म्हणजे यातनाच. १९४६ साली पॅरिसच्या रॉबेर आणि झाँ ज्युदे या बंधूंनी खराब माथा काढून त्या जागी ॲक्रिलिकचा माथा बसवला. आरंभी रोग्यांना आराम पडला. पुढे मात्र काही माथे ढिले झाले, काही मोडले, तर काही चक्क वाजू लागले.

असा एक रोगी इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांच्याकडे आला. त्याची तक्रार काय, तर खुबा इतका कुरकुरतो की बायको जवळ बसायला टाळते! एखाद्याने हसून सोडून दिले असते. चार्नलींनी विचारले, हा आवाज येतो का? उत्तर होते घर्षण. शरीरातला द्रव कूर्चेवर उत्तम काम करतो, परक्या पदार्थावर करीत नाही. शिवाय ज्या घर्षणाने आवाज होतो, तेच माथ्याला हिसके देऊन ढिला करते. म्हणजे कुरकुर ही पुढच्या संकटाची वर्दी होती.

मग त्यांनी मुळातच निसरडा पदार्थ निवडला: टेफ्लॉन. १९५८ पासून टेफ्लॉनची वाटी बसू लागली. आवाज गेला, वेदना गेल्या, लोक आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांतच वाटी झिजली आणि तिच्या चुऱ्याने भोवतालचे मांस सुजले. सुमारे ३०० रोग्यांचा हा प्रश्न होता. अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आवाज थांबला म्हणजे झीज थांबली असे नव्हे, हा धडा फार महाग पडला.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता पॉलिएथिलीनचा नमुना घेऊन आला. कापडगिरण्यांच्या यंत्रांतली दातेरी चाके या पदार्थाची बनत. चार्नलींनी नमुना नखाने ओरखडून पाहिला आणि नापसंत केला. त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो यंत्रावर चढवला. तीन आठवड्यांत तो जितका झिजला, त्याहून अधिक टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे! त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पॉलिएथिलीनची वाटी रोग्यांना बसू लागली. तिच्यात धातूचा लहानसा माथा फिरे. आजच्या कृत्रिम खुब्याची परंपरा तिथून सुरू झाली.

गोष्ट इथे संपली असती. पण पॉलिएथिलीनही थोडे झिजतेच. म्हणून अधिक कठीण पदार्थांचा शोध चालू राहिला. १९७० साली फ्रान्समध्ये पिएर बुताँ यांनी माथा आणि वाटी दोन्ही सिरॅमिकची केली. झीज नगण्य झाली. आणि गंमत पाहा, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे सांधे अमेरिकेत सर्रास बसू लागले, तेव्हा जुनी कुरकुर परत ऐकू आली!

कारणे अनेक निघाली. वाटी तिरकी बसली तर माथा तिच्या काठावर घासतो, मधला द्रवाचा पापुद्रा तुटतो आणि कोरड्या पृष्ठांवर कंपने उठतात. धातूचा कण चिकटला तरी तेच. पण घर्षणाचे कंपन एवढे मोठे ऐकू कसे येते? तंबोऱ्याची तार एकटी क्षीण वाजते, भोपळा तिला आवाज देतो. इथे मांडीच्या हाडात रोवलेला धातूचा दांडा भोपळ्याचे काम करतो. दांडा लवचिक असला तर आवाज अधिक, असेही दिसून आले.

अशी कुरकुर थोड्याच रोग्यांत आढळते आणि बहुधा दुखत नाही. तरीही चारचौघांत चालताना खुबा वाजला की माणूस ओशाळतो. काहींनी तर त्यापायी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा असा आवाज आला तर लाजून गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावे. रोग्याच्या एका हास्यास्पद वाटणाऱ्या तक्रारीकडे कान दिला, म्हणूनच लक्षावधी लोक आज आपल्या पायांनी चालत आहेत.