हनोई : पदपथावर मांडलेले स्वयंपाकघर

व्हिएतनामची राजधानी हनोई जागी होते ती पदपथावर. पहाटे होआन किएम तलावाच्या काठी व्यायामासाठी गर्दी जमते, तेव्हाच जवळच्या गल्ल्यांत रश्शाची मोठाली पातेली उकळू लागलेली असतात. गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुले, तशीच बुटकी मेजे आणि बहुधा एकच पदार्थ, एवढाच या खाणावळींचा पसारा. कार्यालयात निघालेला अधिकारी आणि दुचाकीवरून प्रवासी नेणारा चालक येथे शेजारी बसून न्याहारी करतात.

राजा ली थाई तो याने १०१० मध्ये येथे राजधानी वसवली. कारागिरांच्या वस्त्यांतून 'छत्तीस गल्ल्यां'चे जुने शहर आकारास आले. 'हांग' म्हणजे विक्रीचा माल. त्यावरून हांग बाक ही चांदीची, तर हांग मा ही पूजेतील कागदी वस्तूंची गल्ली. एका गल्लीचे मूळ नाव मात्र खाद्यपदार्थाने पुसून टाकले. हळद लावून भाजलेली मासळी भरपूर शेपू आणि पातीच्या कांद्यासह परतून खाण्याचा 'चा का' हा प्रकार इतका लोकप्रिय झाला, की गल्लीच 'चा का' नावाने ओळखली जाऊ लागली.

हनोईची खरी ओळख म्हणजे 'फो'. हा पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी हनोई व नाम दिन्ह परिसरात रूढ झाला, असे मानले जाते. फ्रेंच राजवटीत गोमांसाची मागणी वाढली आणि हाडे स्वस्तात मिळू लागली. भाजलेले आले-कांदे, चक्रीफूल, दालचिनी घालून ती तासन् तास उकळायची आणि तो रस्सा तांदळाच्या चपट्या शेवयांवर ओतायचा, ही त्याची कृती. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर लाखो लोक दक्षिणेकडे गेले आणि त्यांच्यासोबत फोही सायगावला पोहोचला. तेथे त्यात मुगाचे मोड व तुळशीची पाने आली. जुने हनोईकर मात्र आजही निवळ रश्शाचाच आग्रह धरतात.

दुपारी राज्य असते 'बुन चा'चे. कोळशावर भाजलेले डुकराचे मांस आंबटगोड पाण्यात घालून शेवया व हिरव्या पाल्यासह खातात. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी मे २०१६ मध्ये हनोईतील एका साध्या खाणावळीत स्टुलावर बसून ते खाल्ले आणि हा पदार्थ जगभर पोहोचला.

या खाद्यसंस्कृतीला टंचाईचाही इतिहास आहे. १९४६ मध्ये दूध दुर्मिळ झाले असता मेट्रोपोल हॉटेलात काम करणारे न्गुयेन व्हान झांग यांनी अंड्याचा बलक साखरेसह फेटून कॉफीवर घातला. हीच आजची प्रसिद्ध अंडा कॉफी. युद्धाच्या व रेशनिंगच्या काळात सरकारी दुकानांतील फोमध्ये मांस नसे. घिरट्या घालणाऱ्या अमेरिकी वैमानिकरहित विमानांवरून लोकांनी त्याला 'वैमानिकाविना फो' असे नाव दिले.

१९८६ मध्ये 'दोई मोई' ही आर्थिक सुधारणांची वाट देशाने धरली. खासगी व्यवसायाला मोकळीक मिळाली आणि अनेकांसाठी पदपथ हेच पहिले दुकान ठरले. खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्या बहुतांशी आसपासच्या खेड्यांतून येतात. शरद ऋतूत त्यांच्या टोपल्यांत 'कोम', म्हणजे कोवळा भात भाजून-कांडून केलेले हिरवे पोहे, कमळाच्या पानात बांधून विकायला असतात.

शाकाहारी पर्यटकांनी दुकानाच्या पाटीवर 'चाय' हा शब्द शोधावा. त्याचा तेथील अर्थ शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे मांसाहार टाळतात. एरवी भाजीतही माशांपासून केलेला 'नुओक माम' हा खारट रस असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

पदपथावरील ही जागा मात्र आता निर्धोक राहिलेली नाही. हनोई प्रशासनाने २००८ मध्ये अनेक प्रमुख रस्त्यांवर फेरीवाल्यांना बंदी केली. २०१७ मध्ये पदपथ मोकळे करण्याची मोठी मोहीम निघाली. पादचाऱ्यांना चालायला जागा हवी, हा प्रशासनाचा मुद्दा गैर नाही. दुचाक्या आणि स्टुलांमुळे त्यांना अनेकदा रस्त्यावर उतरावे लागते. मात्र कारवाईचा पहिला फटका बसतो तो भाड्याचे दुकान न परवडणाऱ्यांना. पोलिसांची गाडी दिसताच कावड गल्लीत शिरते आणि गाडी गेल्यावर पुन्हा कोपऱ्यावर येते.

दुसरीकडे, २०२३ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने हनोईतील खाणावळींची दखल घेतली, तर ऑगस्ट २०२४ मध्ये हनोईच्या फोला राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. पदार्थाचा असा सन्मान झाला असला, तरी तो ज्या पदपथावर वाढला, तेथे विक्रेत्यांना जागेची हमी अजून मिळालेली नाही.