साक्षीदाराचा पुकारा

तालुक्याच्या कोर्टात मी सहायक सरकारी वकील झालो, तेव्हा जुने कारकून मला 'पोलीस प्रॉसिक्यूटर'च म्हणत. त्याला कारण होतं. पूर्वी खालच्या कोर्टात खटला बहुधा पोलीस खात्याचाच माणूस चालवी. 1 एप्रिल 1974 ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि ते काम सर्वसाधारणपणे पोलिसांकडून काढून घेतलं गेलं.

साक्षीदार मात्र व्हरांड्यातच राहिला, आरोपीच्या नातेवाइकांना खेटून. मजुरी बुडवून यायचा, पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख पडायची. भत्त्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम 312 मध्ये होती. ती माहीत असलेला साक्षीदार विरळा. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, म्हणून उलटतपासात "मी असं बोललोच नाही" म्हणणं सोपं. मग शिक्का बसे : फितूर.

त्या फितुरीमागची भीती देशाला दिसली ती 2004 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचा खटला फेरसुनावणीसाठी गुजरातमधून महाराष्ट्रात धाडला तेव्हा. पीडितांच्या भरपाईचं कलम 357-अ 2009 अखेरीस लागू झालं, साक्षीदार संरक्षण योजनेला 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली.

कलमं झाली. पण साक्षीदाराला बसायला वेगळी खोली आणि त्याच दिवशी साक्ष, एवढं मिळाल्याशिवाय ती कागदावरच राहतील.