अजिंठ्याचे वाघ आणि तीन साहेब

अजिंठ्याच्या शोधाची गोष्ट आम्ही वर्गात कित्येक वर्षे एकाच रीतीने सांगत आलो. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला, वाघूर नदीच्या पलीकडल्या कड्यावरून त्याला झाडोऱ्यात दडलेली कमान दिसली, आणि पुढे दहाव्या लेण्यात एका रंगविलेल्या आकृतीवर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. परिसरातील गुराख्यांना लेणी आधीपासूनच ठाऊक होती, हेही आम्ही न विसरता जोडतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आणि वाघाचं काय झालं?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. त्या गोष्टीत वाघ पहिल्या वाक्यात येतो आणि दुसऱ्या वाक्यात नाहीसा होतो. नंतर त्याची आठवण कुणालाच राहत नाही.

त्या एका वाघाचा माग काढणे शक्य नाही. त्याच्या कुळाचा काढता येतो, आणि तो काढू लागलो की सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत आणखी दोन साहेब भेटतात.

त्यांतला एक साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेला रॉबर्ट गिल. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे गिल आणि पारो ही जोडी मराठी मनात कायमची वसली. पारो 1856 मध्ये गेली; गिलची बहुतेक चित्रे 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. ही दोन्ही दुःखे आपल्याला ठाऊक आहेत. त्याच गिलने सुमारे दीडशे वाघ मारल्याचे सांगितले जाते, हे मात्र सहसा कुणी उच्चारत नाही. आकडा थोडा फुगलेला असेल असे धरले, तरी कुंचला धरणारा हात बंदूकही तितक्याच सफाईने धरत होता. कवीने ते का सांगितले नाही, असा दोष आम्ही देत नाही. प्रेमकथेला तिची वाट असते. पण इतिहास शिकवणाऱ्यांनी तरी ते सांगायला हवे होते.

दुसरा जेम्स औट्रम. 1857 च्या लखनौमुळे गाजलेला हा सेनानी तरुणपणी खानदेशात होता. 1825 पासून त्याने भिल्लांची पलटण उभारली. त्या धाडसी लोकांचा विश्वास त्याने कमावला तो मुख्यतः शिकारीच्या मैदानात, त्यांच्याबरोबर पायी वाघाला सामोरे जाऊन. दहा वर्षांत 191 वाघांच्या शिकारीत तो हजर होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. बिबटे आणि अस्वले वेगळी. हा केवळ छंद नव्हता. वाघ मारणारा साहेब गावाचा रक्षणकर्ता ठरे, आणि रक्षणकर्त्याचे राज्य मान्य करणे सोपे जाई. जंगल तुटून पिकाखाली येत गेले, वाघ मारणाऱ्यांना सरकारी बक्षिसे मिळत गेली. अर्थात शिकार एकट्या इंग्रजांनी केली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आपले संस्थानिक आणि सरदार त्यात मागे नव्हते.

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला या औट्रमचेच नाव पडले. 1986 मध्ये तेथे सुमारे 260 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा तेच नाव पुढे चालले: गौताळा औट्रमघाट अभयारण्य. 191 वाघांच्या मरणाच्या साक्षीदाराचे नाव वन्यजीवांच्या अभयाला द्यावे, यातील विसंगती ठरवून कुणी आणली नसती. 'अभय' या शब्दाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, एवढेच.

येथे भाषेची एक अडचण नमूद करणे भाग आहे. आपल्या बोलीत बिबट्यालाही सर्रास 'वाघ' म्हणतात. नेमके सांगायचे असेल तेव्हाच 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' हे विशेषण लागते. त्यामुळे 'आमच्या आजोबांनी इथं वाघ पाहिला' या वाक्यात कोणता प्राणी आहे, हे दरवेळी विचारून घ्यावे लागते.

मार्च 2021 मध्ये मात्र अशी शंका उरली नाही. गौताळ्यातील कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्टेरी वाघ उमटला. 1940 नंतर या भागात वाघाची नोंद नव्हती, असे तेव्हा सांगण्यात आले. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यावरून हा यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा नर असल्याचे कळले. त्याच्या आधी 2019 मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक तरुण नर रेडिओ कॉलर लावलेल्या अवस्थेत निघाला होता. शेते, ओढे, महामार्ग ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल 3000 किलोमीटरहून अधिक झाली. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले.

दोघेही नर, हा योगायोग नव्हे. बछडे सुमारे दोन वर्षे आईपाशी राहतात. मग मादी बहुधा आईच्या शेजारीच आपला मुलूख आखते. नराला मात्र दूर जावे लागते. म्हणून रिकाम्या जंगलात प्रथम पोहोचतो तो नर, आणि मादी आली नाही तर तो तेथे पाहुणाच ठरतो. ज्ञानगंगेत मादी आणून सोडावी का, याची चर्चा झाली होती. पण मादीला पुरेसे भक्ष्य हवे, बछड्यांसाठी निवांत जागा हवी, आणि मोठ्या झालेल्या बछड्यांना बाहेर पडायला वाट हवी.

ही वाटच अरुंद होत चालली आहे. 2025 मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग मध्येच आडवा पडतो: टिपेश्वर त्याच्या दक्षिणेला, ज्ञानगंगा आणि गौताळा उत्तरेला. प्राण्यांसाठी त्यावर पूल आणि खाली भुयारी वाटा ठेवल्या आहेत. वाघ त्या किती वापरतात, त्यावर गौताळ्याचे पुष्कळ अवलंबून आहे.

नावांचा आणखी एक खेळ सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या शहराच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयात 25 डिसेंबर 2020 रोजी एका वाघिणीने पाच बछड्यांना जन्म दिला. तिचे नावही समृद्धी. पेढे वाटावेत अशी ती बातमी होती. पण ते बछडे गौताळ्यात सोडता आले नसते. भक्ष्य मारणे आणि माणसाला टाळणे त्यांना रानातल्या आईनेच शिकवायला हवे होते. अडीच-तीन महिन्यांनी कन्नडच्या डोंगरात तो टिपेश्वरचा नर फिरत होता. मधले अंतर फार तर सत्तर किलोमीटर.