वेताळाच्या गोळीने कुणी मरायचं नाही



मागच्या रविवारी दहा वर्षांच्या पुतण्याला मोबाइल दिला. म्हटलं, कार्टूनच तर पाहतोय. तासाभराने पोरगा एकदम गप्प. पाहिलं तर 'इन्व्हिन्सिबल'चा पहिला भाग संपला होता. चूक माझीच. कार्टून म्हणजे पोरांचं, हे माझ्या डोक्यात बसलेलं. ते बसलं कुठून?

आमच्या पिढीचं कॉमिक म्हणजे इंद्रजाल. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून सुरू केलं, पुढे मराठीतही आलं. ली फॉकचा १९३६ चा फँटम आपल्याकडे वेताळ झाला. मूळचे 'सिंग' चाचे इथे 'सिंगा' झाले, जंगलाचं नाव देंकाली झालं. आपल्या वाचकाला खटकेल ते आधीच काढून टाकलेलं.

भुसावळ स्टेशनवरून एक अंक यायचा अन् दहा घरं फिरायचा. वेताळाच्या कमरेला दोन पिस्तुलं, पण तो माणूस मारत नसे, समोरच्याच्या हातातलं हत्यार उडवायचा. आणि हे आम्ही वाचायचो कुठे? वरणगावात! जिथे ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलची काडतुसं बनतात. काडतूस कशासाठी असतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं भो. फक्त आमच्या कॉमिकला ठाऊक नव्हतं.

'इन्व्हिन्सिबल' हेही मुळात कॉमिकच. रॉबर्ट किर्कमनने लिहिलेलं, २००३ ते २०१८, एकूण १४४ अंक. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनवर त्याची मोठ्यांसाठी मालिका आली. नायकाचा बाप, जगाचा लाडका सुपरहिरो, आपल्याच साथीदारांना मारतो. कॉमिकमध्ये हे सातव्या अंकात कळतं, मालिकेत पहिल्याच भागाच्या शेवटी. आठव्या भागात तर बाप पोराला धावत्या रेल्वेसमोर धरतो. पोरगा वाचतो, डब्यातली माणसं मरतात. हा प्रसंग मूळ कॉमिकमध्ये नव्हता, मालिकेसाठी नवा रचला.

रक्त वाढवलं म्हणून मालिका मोठ्यांची होत नाही. दोन बलवानांच्या मारामारीत साधा माणूस मरतो, हे ती लपवत नाही, म्हणून ती मोठ्यांची. रेल्वेच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला तो डबा लगेच कळतो.

आपल्याकडेही असा ऐवज आहे. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी इंद्रजालसाठी 'बहादूर' लिहिला. डाकूचा मुलगा, पण बंदूक घेतो ती गावाच्या रक्षणासाठी, नागरिक सुरक्षा दल उभं करून. बापाचा वारसा, पोलीस, डाकू, गावाची भीती, सगळं त्यात आहे. त्याची मोठ्यांसाठी ॲनिमेशन मालिका झाली तर मी पहिल्या दिवशी बघेन.

तोवर एक काम. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे पाच गट आहेत. १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. सोय आहे, पण लॉक लावायचं आपल्यालाच. मी आता लावलंय. तुम्हीही आज रात्री लावा.

आणि माळ्यावर जुने मराठी इंद्रजाल असतील तर रद्दीत घालू नका. पुतण्याला आधी तेच द्यायचेत.