टकळीची प्रयोगशाळा : शाळेत आलेल्या हस्तोद्योगांचा इतिहास

सुतार, लोहार, कुंभार, विणकर हे आपले काम कोठे शिकले, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते : घरी. वडिलांच्या शेजारी बसून, आधी भाता ओढून, मग घण धरून, वर्षानुवर्षे पाहत पाहत. या शिक्षणाला पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती आणि शाळाही नव्हती. उलट शाळा नावाची जी जागा होती तेथे पाटी-पुस्तक होते, पण हत्यार नव्हते. एका बाजूला हाताचे ज्ञान, दुसऱ्या बाजूला अक्षराचे ज्ञान, आणि मध्ये जातीची भिंत, अशी आपल्या समाजाची मांडणी शतकानुशतके होती. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातील प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, असे सुचवले होते. या भिंतीला खिडकी पाडण्याचा तो एक प्रयत्न म्हणता येईल.

हस्तोद्योग शाळेत आणावा, ही कल्पना मात्र एकट्या भारताची नाही. तिचा आधुनिक इतिहास युरोपच्या उत्तर टोकाला, फिनलंड आणि स्वीडनमध्ये सुरू होतो. तेथून वर्ध्यापर्यंत आणि पुढे पुणे जिल्ह्यातील पाबळपर्यंत येताना या कल्पनेने काय कमावले आणि काय गमावले, ते आपण या लेखात पाहू. प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा विषय शिक्षकांच्या टेबलावर पुन्हा येऊन पडला आहे.

चाकूपासून सुरुवात

उत्तर युरोपातील हिवाळा लांबलचक. शेतीची कामे बंद पडली की शेतकरी कुटुंबे घरात बसून लाकडाचे चमचे, हत्यारांचे दांडे, टोपल्या बनवत, सूत कातत. या घरगुती कामाला स्वीडिश भाषेत ‘स्लॉइड’ म्हणत. कारखान्यांचा तयार माल खेड्यात पोहोचू लागला तसे हे कौशल्य विसरले जाऊ लागले. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाने ते शाळेत आणले. 1866 साली तेथील लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकामाला अधिकृत स्थान मिळाले. सिग्नेउसचे म्हणणे असे की, मुलाला सुतार बनवायचे म्हणून हे काम शिकवायचे नाही, तर त्याची नजर, हात आणि विचार यांना वळण लावायचे म्हणून शिकवायचे.

स्वीडनमधील नेस या गावी ऑटो सॉलोमन यांनी हीच कल्पना पद्धतशीर केली. 1870 च्या दशकात त्यांनी तेथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केले आणि पुढे अनेक देशांतले शिक्षक तेथे येऊन गेले. सॉलोमन यांची पद्धत आजही वाचण्यासारखी आहे. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वस्तूंची एक मालिका होती. प्रत्येक नव्या वस्तूत एखादे नवे हत्यार किंवा नवी कृती येई. सुरुवातीचे हत्यार म्हणजे घरात असतोच तो चाकू. वस्तू शोभेची नको, घरात वापरता येईल अशी हवी. मुलाने आपल्या गतीने काम करावे. आणि शिक्षकाने मुलाच्या हातातले काम स्वतः घेऊन नीट करून देऊ नये. चूक दाखवावी, दुरुस्ती मात्र मुलानेच करावी.

सॉलोमन यांचा आणखी एक आग्रह होता. हे काम कारागिराने नव्हे, तर प्रशिक्षित शिक्षकाने शिकवावे. कारागिराचे लक्ष वस्तूकडे असते, शिक्षकाचे मुलाकडे, असे त्यांना वाटे. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढे त्याला अगदी उलटे उत्तर मिळाले आहे.

वर्ध्याची परिषद

आपल्याकडे या कल्पनेचा मोठा प्रयोग महात्मा गांधींनी केला. त्याची बीजे दक्षिण आफ्रिकेत आहेत. जोहान्सबर्गजवळ 1910 साली सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर मुले शेतात राबत आणि चपला बनवायला शिकत. गांधींचे सहकारी हर्मन कॅलनबॅक हे व्यवसायाने वास्तुशिल्पी. ते एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला करायला शिकून आले आणि त्यांनी ते काम इतरांना शिकवले.

1937 साली अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि शिक्षणाचे काय करायचे, हा प्रश्न व्यवहाराचा झाला. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि शिक्षणाच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग, हे परिषदेचे मुख्य ठराव. शिक्षकांचा पगार हळूहळू या उत्पादनातून निघेल, अशी अपेक्षाही त्यात होती. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि तिने डिसेंबर 1937 मध्ये अहवाल दिला.

अहवालातील वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला व गणित मिळून 40 मिनिटे. मातृभाषेला 40 मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून 30 मिनिटे. बाकी वेळ व्यायाम व सुटीचा. आजच्या विज्ञान शिक्षकाला वाटेल की, अर्ध्या तासात, तेही समाजशास्त्राबरोबर वाटून घेऊन, विज्ञान शिकवायचे तरी कसे? उत्तर असे की, विज्ञान त्या 3 तास 20 मिनिटांतच शिकायचे होते. उद्योग हाच विषयांना जोडणारा धागा, ही ती कल्पना. विनोबांनी तिच्यासाठी ‘समवाय’ हा शब्द वापरला.

टकळीत विज्ञान कोठे आहे?

ही केवळ गोड कल्पना होती की तिच्यात तथ्य होते? टकळीचेच उदाहरण घेऊ. एक बारीक दांडी, खालच्या टोकाजवळ एक चकती, वर धागा अडकवायला आकडा. एवढेच हे यंत्र.

चकती कशासाठी? नुसती दांडी फिरवली तर ती लगेच थांबते. चकतीचे वस्तुमान अक्षापासून दूर असल्याने फिरण्याची गती टिकते. चकतीचे वजन तेवढेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तिचे जडत्व-आघूर्ण चौपट होते. हे सूत्र पाठ करण्याऐवजी पुठ्ठ्याच्या आणि ओल्या मातीच्या चकत्या करून मुले स्वतः पाहू शकतात. दांडी बारीक का? कारण बोटांच्या एका चिमटीत ती अनेक फेरे घेते. चकती खूप जड केली तर? टकळी अधिक वेळ फिरेल, पण धाग्याला लटकत असेल तर बारीक धागा तिच्या वजनाने तुटेल. मग टकळीचे टोक वाटीत टेकवले की धाग्यावरचा भार कमी होतो. एवढ्या चर्चेत यंत्रशास्त्राचे एक प्रकरण संपते.

आता धाग्याकडे या. पेळूतील तंतू सरळ ओढले तर सहज सुटून येतात. त्यांना पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढते आणि तेच तंतू ओढ सहन करतात. पीळ जास्त झाला की धागा स्वतःभोवतीच गुंडाळतो. यातली सर्वांत सुंदर गोष्ट वेगळीच आहे. धाग्यात जेथे बारीक जागा असते तेथे पीळ आधी शिरतो, कारण ती जागा पिळायला सोपी असते. जाड जागी पीळ कमी राहतो. त्यामुळे धागा ओढला की जाड जागा ताणली जाऊन बारीक होते, बारीक जागा मात्र टिकून राहते. म्हणजे धागा काही प्रमाणात आपोआप एकसारखा होत जातो. कातणाऱ्या बाईच्या बोटांना हे माहीत असते. ते शब्दांत मांडणे, हे शाळेचे काम.

गणित तर पावलोपावली आहे. खादीच्या जुन्या मापात चार फुटांची एक तार आणि 640 तारांची एक गुंडी, म्हणजे 2560 फूट. सुताचा नंबर इंग्रजी पद्धतीत असा ठरतो : 840 यार्डांची एक लड धरली, तर एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका नंबर. आज वर्गात मेट्रिक मापाने हे करायचे तर 100 मीटर सूत मोजून त्याचे ग्रॅममध्ये वजन करावे आणि 59 ला त्या वजनाने भागावे. वजन 3 ग्रॅम आले तर सूत जवळजवळ 20 नंबरचे. व्यस्त प्रमाण शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही : नंबर वाढतो तसे सूत बारीक होते.

भूगोलही येतो. कापसाचे सूत ओलसर असताना अधिक बळकट असते. कोरड्या हवेत ते जास्त तुटते. मुंबईच्या दमट हवेचा तेथील गिरण्यांना फायदा का झाला आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात कातताना धागा सारखा का तुटतो, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

बिनसले कोठे?

मग ही योजना टिकली का नाही? परिषदेतच दोन इशारे दिले गेले होते. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांचा आक्षेप असा की, शाळांचा माल बाजारात आला तर तो गरीब कारागिरांशीच स्पर्धा करील. खुद्द झाकिर हुसेन यांनाही धोका दिसत होता. स्वावलंबनावर जास्त भर दिला तर शिक्षक मुकादम बनतील, मुलांच्या श्रमाचे शोषण होईल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असे त्यांनी बजावले होते.

सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने हिंदुस्तानी तालीमी संघामार्फत हे काम निष्ठेने चालवले. इतरत्र मात्र स्वातंत्र्यानंतर अनेक शाळांच्या पाट्या बदलल्या, शिक्षण बदलले नाही. सूत किती निघाले हे मोजणे सोपे होते, मुलाला काय उमगले हे मोजणे अवघड. जे मोजता आले तेच उरले. टकळी फिरत राहिली, पण ‘धागा येथेच का तुटला?’ हा प्रश्न कोणी विचारीनासे झाले. प्रश्न गेला की प्रयोगशाळा जाते आणि उरते ती मजुरी.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते टाळून चालणार नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हाताचे कामच लादले गेले होते, त्यांच्यासाठी शाळा ही त्या कामातून सुटण्याची वाट होती. ‘पोराला चामडे कमवायला किंवा सूत कातायलाच लावायचे तर शाळेत कशाला पाठवू?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. शहरातल्या मुलांना इंग्रजी व बीजगणित आणि खेड्यातल्या मुलांना टकळी, अशी वाटणी झाली तेव्हा हस्तोद्योग हा शिक्षणाचा मार्ग न राहता दुय्यम शिक्षणाची खूण ठरला. पुढे कोठारी आयोगाने (1964–66) ‘कार्यानुभव’ सुचवला, 1977 च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. बऱ्याच शाळांत त्याचे रूप शेवटी आठवड्यातील एक-दोन तासिका आणि कागदी फुले एवढेच राहिले.

पाबळचा धडा

1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पाबळ या दुष्काळी भागातील गावी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञाची नोकरी सोडून ते तेथे गेले होते. शाळेत ज्यांचे मन रमले नाही अशा मुलांना त्यांनी लोहारकाम, वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य-तपासणी अशी गावाला लागणारी कामे शिकवली. जवळच्या माध्यमिक शाळेतही आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय सुरू झाला, आणि पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली.

येथे वर्ध्याच्या दोन्ही अडचणींना उत्तर आहे. एक, उद्योग एकच नाही आणि तो परंपरेने ठरलेला नाही. कोणत्याही घरातला मुलगा किंवा मुलगी भाताही चालवते आणि विजेचा तारमापकही वापरते. दोन, काम गावासाठी असल्याने त्याची परीक्षा खरी असते. जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीच्या जागेचा अंदाज सांगायचा, तर ओहमचा नियम पाठ असून भागत नाही. चुकले तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात!

आणि शिकवायचे कोणी? कलबागांनी गावातील कारागिरांना निदेशक म्हणून वर्गात आणले. सॉलोमन यांच्या आग्रहाचे हे अगदी उलटे टोक. आम्हाला वाटते, दोघांचेही निम्मे बरोबर आहे. कारागिराच्या हातात जे ज्ञान आहे ते शिक्षकाला उन्हाळी शिबिरात मिळणार नाही. पण ‘का?’ हा प्रश्न विचारून त्याला गणिताशी व विज्ञानाशी जोडण्याचे काम शिक्षकाचेच. दोघे एकाच वर्गात उभे राहिले, आणि मुलांनी गावातल्या लोहाराला ‘सर’ म्हणून हाक मारली, तर जी भिंत पडते ती कोणत्याही नागरिकशास्त्राच्या धड्याने पडत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावे, असे त्यात म्हटले आहे. सेवाग्रामलाही 2005 पासून ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली आहे. म्हणजे संधी पुन्हा आली आहे, आणि जुने धोकेही तिच्याबरोबर आले आहेत. ते दहा दिवस सहलीत किंवा छायाचित्रांत संपू नयेत, यासाठी शिक्षकांनी एक साधी तयारी करावी. कारागिराकडे जाण्याआधी मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावेत. परत आल्यावर एक तरी मोजमाप वर्गात करून पाहावे : मडके भाजल्यावर किती आक्रसले, लाकडाच्या तंतूंच्या दिशेने आणि आडवे कापताना काय फरक पडला, पाणी देण्याआधी लोखंड किती तापवले होते आणि ते रंगावरून कसे ओळखले. उत्तर कारागिरालाही ठाऊक नसेल, शिक्षकालाही नसेल, असे प्रश्न निघतील. तेथून पुढचे काम दोघांनी मुलांबरोबर बसून करावे.