'जगरनॉट' : एका शब्दाचा प्रवास

इंग्रजी वृत्तपत्रे नित्य वाचणाऱ्यांस 'जगरनॉट' हा शब्द नवा नाही. निवडणुकीत एखाद्या पक्षाने प्रतिपक्षाची दाणादाण उडविली की तो पक्ष 'जगरनॉट' ठरतो. ओळीने सामने जिंकीत सुटलेल्या संघासही हेच नाव मिळते. इंग्लंडात तर गावच्या रस्त्यांवरून घरे हादरवीत जाणाऱ्या अजस्र मालमोटारीस सामान्य लोक याच नावाने ओळखतात. अमेरिकेतील चित्रकथांत १९६५ साली या नावाचा एक दांडगा खलपुरुष अवतरला; वाटेतल्या भिंती फोडीत धावणे हाच त्याचा पराक्रम. या सर्व उपयोगांतील अर्थ एकच आहे. जे थांबत नाही, कोणास थांबविता येत नाही आणि आड येईल त्याचा चुराडा करते, ते जगरनॉट.

हा शब्द उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात कोणतीही देवता नसते. 'ॲस्ट्रोनॉट' या शब्दाच्या अंती येणारा 'नॉट' ग्रीक आहे व त्याचा अर्थ नावाडी. 'जगरनॉट'मधील 'नॉट' मात्र आपला 'नाथ' होय. जगाचा नाथ तो जगन्नाथ. परकीयांनी कानास ऐकू आले तसे ते नाव लिहिले आणि मध्येच एक 'र' शिरला. नावात असा बदल होणे ही सामान्य गोष्ट आहे. परंतु जो जगाचा पालनकर्ता, त्याच्या नावाचा अर्थ जगास चिरडणारा असा कसा झाला, हा प्रश्न देवालयाशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे अशा आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारा आहे.

या कथेचा आरंभ चौदाव्या शतकात होतो. ओडोरिक नावाचा इटालियन फ्रान्सिस्कन साधू त्या काळी हिंदुस्थानात आला होता. आपल्या कोकणातील ठाणे बंदरात १३२१ साली मारल्या गेलेल्या त्याच्या पंथबंधूंच्या अस्थी तो बरोबर घेऊन गेला. मायदेशी परतल्यावर १३३० साली त्याने आपला प्रवासवृत्तांत सांगून लिहवून घेतला. त्यात एका मूर्तीची रथयात्रा आणि रथाच्या चाकांखाली देह झोकून देणारे भाविक यांचे वर्णन आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे वर्णन पूर्व किनाऱ्यावरील दक्षिणेकडच्या प्रदेशाचे आहे. पुरीचे नाव त्यात नाही. तथापि 'मँडेव्हिल'च्या लोकप्रिय प्रवासग्रंथात ही हकीकत उतरली आणि युरोपभर पसरली. पुढे १६३३ साली विल्यम ब्रुटन हा इंग्रज प्रत्यक्ष पुरीस गेला व १६३८ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ती जुनी कथा आणि हे नवे नाव यांची गाठ इंग्रजीत बसली.

यापुढील प्रकरणाशी मराठ्यांचा निकट संबंध आहे. १७५१ साली ओरिसा प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि सुमारे अर्धशतक पुरीच्या देवालयाची व्यवस्था त्यांच्या देखरेखीखाली चालली. सिंहद्वारासमोर आज जो अरुणस्तंभ दिसतो, तो याच काळात कोणार्काहून आणून तेथे उभारण्यात आला. मराठ्यांनी यात्रेकरूंवर कर बसविला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. १८०३ मध्ये कंपनी सरकारने पुरी घेतली आणि पुढे त्या सरकारनेही असा कर आकारला. तो १८४० साली रद्द झाला.

१८०६ च्या रथयात्रेस कलकत्त्याहून क्लॉडियस ब्युकॅनन हा पाद्री पुरीस गेला. वाटेत त्याला यात्रेकरूंची हाडे विखुरलेली दिसली, आणि एका मनुष्याने रथापुढे प्राण दिल्याचेही त्याने लिहिले. जे पाहिले त्याचा अर्थ त्याने आपल्या धर्मग्रंथातून लावला: नरबळी घेणाऱ्या मोलोक दैवताशी त्याने जगन्नाथाची तुलना केली. त्याचे पुस्तक १८११ मध्ये निघाले. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांस मुक्तद्वार असावे की नाही, हा वाद तेव्हा इंग्लंडात पेटला होता. १८१३ च्या सनदेने तो मिशनऱ्यांच्या बाजूने निकालात निघाला. या वादात पुरीच्या रथाचे भयंकर चित्र प्रचारकांच्या हाती आयतेच सापडले.

असत्याचे खंडनही इंग्रजांनीच केले, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. अँड्र्यू स्टर्लिंग या अधिकाऱ्याने १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात लिहिले की, चार वर्षांच्या रथयात्रांत असे तीनच प्रसंग घडले. त्यांपैकी एक बहुधा अपघात होता. उरलेले दोघे असह्य व्याधींनी गांजलेले होते. विल्यम हंटर याने १८७२ मधील आपल्या ओरिसावरील ग्रंथात हा आरोप सविस्तर खोडून काढला. रथापेक्षा पटकी, उपासमार आणि वाटचालीचे हाल यांनीच यात्रेकरूंचे बळी घेतले, हे त्याने दाखवून दिले. ब्युकॅननने पाहिलेल्या हाडांचा उलगडा येथे होतो.

परंतु तोवर शब्दाने कोशात आपले स्थान पक्के केले होते. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये तो १८४७ साली आला. मार्क्सने १८६७ मध्ये भांडवलास या रथाची उपमा दिली, तर स्टीव्हन्सनने १८८६ मध्ये आपल्या क्रूर हाइडला. १९९० साली समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी आधुनिकतेचे वर्णन करण्यासाठी हीच प्रतिमा निवडली. आरोप मागे पडला, विस्मरणातही गेला. शब्दात मात्र त्याचा ठसा उरला.

आता या शब्दापुढे प्रत्यक्ष रथ उभा करून पाहावा. अक्षय्य तृतीयेस नव्या लाकडाच्या घडणीस आरंभ होतो. जगन्नाथाच्या नंदिघोषास सोळा चाके, बलभद्राच्या तालध्वजास चौदा आणि सुभद्रेच्या दर्पदलनास बारा. आषाढ शुद्ध द्वितीयेस पुरीचे गजपती महाराज सुवर्णाच्या झाडूने रथ झाडतात; देवापुढे राजाही झाडूवालाच, असा त्याचा भाव. मंदिरात ज्यांस प्रवेश नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी देव स्वतः रस्त्यावर येतो. आणि हा रथ थांबतो. सूर्यास्तानंतर तो ओढीत नाहीत. जेथे असेल तेथे रात्र काढतो. मुसलमान पित्याच्या पोटी जन्मलेला सतराव्या शतकातील ओडिया भक्तकवी सालबेग याची समाधी त्या मार्गावर आहे. आपल्या भक्तास दर्शन घडावे म्हणून देवाने एकदा रथ खोळंबून ठेवला, अशी आख्यायिका आहे. त्या स्मृतीने रथ आजही तेथे थांबतो. ज्याच्या नावाचा इंग्रजीत अर्थ 'न थांबणारा', तो भक्ताकरिता वाटेत थांबतो!

इंग्रजी भाषेवर रागावून हा शब्द कोशातून निघणार नाही, आणि तसा आमचा हट्टही नाही. मात्र त्याला पुन्हा खरे ठरविण्याचे पाप आपल्या हातून घडू नये. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, आणि जूनअखेर पुरीत गुंडिचा मंदिराजवळ गर्दीत तिघे दगावले. येथे कोणी चाकांखाली देह टाकला नव्हता. गर्दीनेच माणसे गेली. आपल्या गावी रथाचा दोर हाती घेताना पुढच्याचा पाय कोठे आहे हे पाहणे, म्हाताऱ्यांस वाट देणे आणि थांबण्याची खूण होताच थांबणे, हाही उत्सवाचाच विधी मानला पाहिजे. मुले जेव्हा शाळेतून हा शब्द शिकून येतील, तेव्हा त्यांस त्याचा कोशातील अर्थ अवश्य सांगावा, आणि त्याबरोबर सालबेगाच्या समाधीपाशी थांबणाऱ्या रथाची गोष्टही सांगावी.