सुप्याच्या वह्या : १८७५ चा उठाव आणि हिशेबाचा हक्क

१/
सुपे हे नाव इतिहासप्रेमींना अपरिचित नाही. शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर, तिथे ठाण मांडून बसलेले संभाजी मोहिते आणि शिवरायांनी त्यांच्याकडून घेतलेले ठाणे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील याच गावात बुधवार, १२ मे १८७५ रोजी आणखी एक घटना घडली. शेतकऱ्यांच्या जमावाने सावकारांच्या वह्या आणि कर्जखते बाहेर काढली व जाळली.

२/
सुपे हे बाजाराचे गाव. दुकानदार व सावकार, विशेषतः गुजर आणि मारवाडी व्यापारी, तिथे मोठ्या संख्येने होते. त्या दिवशी धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगही लागली. पुढच्या आठवड्यांत ही लाट पुणे जिल्ह्यातून अहमदनगरपर्यंत पसरली. तीसहून अधिक गावे तिच्यात सापडली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली. सरकारी दप्तराने या सगळ्याला ‘डेक्कन रायट्स’ असे नाव दिले.

३/
या उठावाची एक गोष्ट तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही जाणवली. माणसांवर गंभीर हल्ले फारच थोडे झाले. जिथे सावकाराने खते मुकाट्याने बाहेर आणून दिली, तिथे जमाव बहुधा खते नष्ट करून परत फिरला. जिथे नकार मिळाला, तिथे प्रकरण हातघाईवर आले. म्हणजे जमावाला हवे होते ते कागद. या धाग्याचा प्रश्न एवढाच आहे : कागदच का?

४/
उत्तरासाठी आधी सुप्याहून शेजारच्या इंदापूरला आणि चाळीस वर्षे मागे जावे लागते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी रयतेकडून थेट सारा घ्यायला सुरुवात केली. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेले दर कोरडवाहू इंदापुराला झेपेनात. त्यातच १८३२ ते १८३४ दुष्काळ पडला. अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी केली व १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात तीस वर्षांसाठी नवे दर लागू झाले. मुंबई इलाख्याच्या पुढच्या जमीनमोजणीचा हा नमुना ठरला.

५/
या पद्धतीत सारा रोख भरायचा, ठरलेल्या तारखेला भरायचा. पाऊस मात्र तारखा पाळत नाही. जमिनीवर शेतकऱ्याचा विकता येणारा, गहाण टाकता येणारा हक्क निर्माण झाला आणि त्याच क्षणी ती जमीन सावकारासाठी तारणही बनली. हप्ता जवळ आला की शेतकरी पेठेत जाई. मोजणीचा एक शिल्पकार असलेल्या विंगेटनेच १८५२ मध्ये वाढत्या कर्जबाजारीपणाबद्दल सरकारला सावध केले होते.

६/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि दख्खनच्या कापसाला भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, उधार बंद झाली. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी इंदापुरापासूनच सुरू झाली. दख्खनमध्ये ठिकठिकाणी ही वाढ पन्नास टक्क्यांपासून दुपटीपर्यंत गेली.

७/
इथवरची कहाणी पाठ्यपुस्तकांतही सापडते. पण भाव पडले म्हणून लोक धान्य लुटतात; वही का जाळतात? त्यासाठी सावकाराच्या गादीवर बसून ती वही उघडून पाहायला हवी.

८/
शेतकरी हा सावकाराचे ‘कूळ’. बी-बियाणे, मीठ, कापड, सारा भरायला रोकड, सगळे त्याच दुकानातून येई आणि वहीत नावे पडे. सुगीत धान्य त्याच दुकानात जाई आणि वहीत जमा होई. उधारीच्या मालाचा भाव दुकानदार ठरवी, जमा झालेल्या धान्याचा भावही तोच ठरवी. परतफेडीची पावती मागितली तर बहुधा मिळत नसे. खतावर लिहिलेला मजकूर कुळाला वाचता येत नसे. सहीच्या जागी कुणब्याची निशाणी असे नांगराची.

९/
थोडक्यात, दोघांच्या व्यवहाराची वही एकच होती आणि ती एकाच्याच हातात होती. सगळे सावकार लबाड होते असे मानण्याची गरज नाही. कूळ बुडाले तर त्याचेही पैसे बुडत, आणि तोही मोठ्या पेढीकडून कर्ज उचलूनच पैसे फिरवी. पण प्रामाणिक असो वा लबाड, त्याच्या वहीची पडताळणी कशाशी करावी हेच शेतकऱ्याकडे नव्हते.

१०/
आता कायद्याने घातलेली भर पाहू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता : व्याज वर्षानुवर्षे साचू नये. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाकडून नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून बसे.

११/
समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. मुद्दल १०० रुपये, व्याज दरसाल शेकडा २५. तीन वर्षांनी नवे खत १७५ रुपयांचे. सहा वर्षांनी सुमारे ३०६ चे. नऊ वर्षांनी सुमारे ५३६ चे. खत न बदलता सरळ व्याज धरले असते तर नऊ वर्षांनी ३२५ झाले असते. नवा पैसा एकही हाती न येता कर्ज पाचपटीच्या पुढे गेले, आणि प्रत्येक खताखाली निशाणी कुळाचीच.

१२/
आपल्याकडे यावर जुना उपाय होता : दामदुपट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, हा धर्मशास्त्रातून आलेला दंडक. वरच्या उदाहरणात दामदुपटीने वसुली २०० रुपयांवर थांबली असती. पण दर तीन वर्षांनी व्याजाचेच मुद्दल होऊ लागले, तर दुप्पट कशाची मोजायची? दिवाणी न्यायालय समोरचे खत पाहून हुकूमनामा देई. त्यामागचा इतिहास सहसा विचारत नसे. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण पुढे चौकशीत उघडकीस आले.

१३/
ही चौकशी म्हणजे १८७५ मध्ये नेमलेला दख्खन दंगे आयोग. त्याने बारा गावांची बारकाईने पाहणी केली. सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात होते, त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या तारणावर होते. आयोगाने सावकारांवर बोट ठेवले, पण सरकारच्या साऱ्याला मुख्य कारण मानण्याचे टाळले. हे लक्षात ठेवूनच तो अहवाल वाचावा लागतो.

१४/
त्या अहवालातील एक निष्कर्ष मात्र आजही वाचण्यासारखा आहे. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे साहेबलोक आणि शहरी पंडित दोघेही ठासून सांगत. आयोगाने नोंदी तपासल्या आणि वेगळेच आढळले. ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च मोठा असे, हे खरे. पण तो क्वचित येई. कर्ज फुगत होते ते खाण्यापिण्याच्या, बियाण्याच्या, बैलाच्या आणि साऱ्याच्या किरकोळ उचलींनी.

१५/
लग्नाचा खर्च सगळ्या गावाच्या डोळ्यांत भरतो. अधेलीचे मीठ आणि दोन रुपयांचे बी कोणाच्याच लक्षात राहत नाही, खुद्द घेणाऱ्याच्याही नाही. ते फक्त वहीला आठवते. आणि ज्याला आपल्या खर्चाची यादी माहीत नाही, त्याच्यावर उधळपट्टीचा आरोप करणे फार सोपे असते. आरोप खोडायला त्याच्याकडे पुरावाच नसतो.

१६/
१८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायालयाने खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे करावे, दामदुपटीची मर्यादा पाळावी, असे ठरले. खत गावच्या निबंधकासमोर लिहिणे बंधनकारक झाले. या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले आणि त्यासाठी गावोगाव दौरे केले.

१७/
या कायद्याच्या शेवटी तीन साधी कलमे आहेत, ज्यांची चर्चा क्वचितच होते. एक : परतफेड केली की लेखी पावती मिळण्याचा शेतकऱ्याला हक्क. दोन : वर्षातून एकदा हिशेबाचा लेखी उतारा मागण्याचा हक्क. तीन : आपल्या खात्याचे पासबुक मागण्याचा आणि ते वेळोवेळी भरून घेण्याचा हक्क. यात टाळाटाळ करणाऱ्याला दंडाची तरतूद होती. सुप्यात जळलेल्या वह्यांना सरकारने दिलेले खरे उत्तर या तीन कलमांत आहे : एकाऐवजी दोन वह्या.

१८/
पण हक्क कागदावर आला म्हणून हाती पडत नाही. पासबुक वाचता येत नसेल तर ते दुसऱ्याच्याच वहीची नक्कल ठरते. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अविद्या, लेखणीची सत्ता आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य यांची सांगड घातली, ती याच काळात. शिवाय सावकारांनी नव्या कायद्याला पळवाटही शोधली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे फेडले की जमीन परत, हा केवळ तोंडी शब्द. जे वहीबाहेर राहिले, तेच पुन्हा शेतकऱ्याला भोवले.

१९/
१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस आला आणि उसासोबत खत, मजुरी आणि गुऱ्हाळ यांसाठी भांडवलाची नवी गरज आली. कर्ज वाईट नव्हते. अवर्षणात सारा भरायला घेतलेले कर्ज आणि उसाच्या लागणीला घेतलेले कर्ज यांत फरक आहे. प्रश्न पुन्हा तोच होता, ते कोणाच्या वहीत मांडले जाणार?

२०/
१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने तिसरी वाट दाखवली. सभासदांचीच पेढी, सभासदांचीच वही आणि दरवर्षी सरकारी निबंधकाकडून तिची तपासणी. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली, तीही अशा गावोगावच्या संस्थांना भांडवल पुरवण्यासाठी. दुसऱ्या बाजूला, १८८२ पासून टपाल कार्यालयांत बचत खाती उघडली होती. एरवी पेवात धान्य आणि अंगावर दागिना हीच ज्यांची शिल्लक, त्यांना पासबुक नावाची वस्तू आता दोन अर्थांनी भेटत होती : देणे दाखवणारी आणि शिल्लक दाखवणारी.

२१/
सहकाराच्या वह्याही पुढे नेहमीच स्वच्छ राहिल्या असे नाही. आणि जमाखर्च लिहिल्याने पाऊस पडत नाही, सारा कमी होत नाही, हेही खरे. १८७५ चा शेतकरी रोजचा खर्च टिपत असता तरी १८६७ ची फेरआकारणी टळली नसती. दारिद्र्याचा दोष दरिद्री माणसाच्या वहीवर ढकलणे हा जुनाच खेळ आहे. पण त्याच्या हातात स्वतःची नोंद असती तर तीन गोष्टी त्याला दाखवता आल्या असत्या : घेतले किती, फेडले किती, आणि उरलेले कशाचे.

२२/
वारकरी परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली. तिथे वही ज्याची होती त्यानेच ती सोडली. सुप्यात ज्यांची नावे वहीत होती त्यांनी ती जाळली. पहिल्या मार्गाला तुकोबांएवढे मन लागते. दुसऱ्याची किंमत तुरुंगात मोजावी लागते. १८७९ च्या कायद्याने मान्य केलेला तिसरा मार्ग सर्वांत नीरस आहे आणि म्हणूनच सामान्यांच्या आवाक्यातला : आपलीही एक वही ठेवायची आणि दोन्ही वह्या जुळवून पाहायच्या.

२३/
आज कर्ज मोबाइलवर मिळते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. नांगराच्या निशाणीची जागा ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनाने घेतली आहे. बचत गटातील बायका मात्र आजही बैठकीत सर्वांसमोर वही उघडतात, प्रत्येकीचा हप्ता मोठ्याने वाचतात आणि मगच नोंद करतात. १८७५ च्या सुप्यात नेमकी हीच गोष्ट नव्हती. आपल्या कर्जाचे किती मुद्दल फिटले आणि किती व्याजात गेले, हे आज लेखी मागता येते. तो उतारा मागताना सुप्याची आठवण ठेवावी.